चांद पेंटरच्या हाताचा साचा

जुन्नरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, नाव बदलायचे अर्ज, वाटपाच्या नोटिसा, हेच रोजचं काम. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, भांडणं तीच राहिली. दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात एक मुलगी दुकानात आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्यावरून ओढणी, बोटांवर सोल्डरिंगच्या चटक्यांच्या बारीक खुणा. मी खुर्ची दाखवली तरी उभीच राहिली.

"काका, सरकारी कागदावरून एखाद्याचं नाव पुसायचं आसंल तर कुठला अर्ज करायचा?"

"कुठल्या कागदावरून? रेशनकार्ड?"

"नाय. डिझाइनची नोंदणी आसती ना, तिच्यावरून."

"आणि तिथं तुझं नाव लावायचं?"

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आदी तिचं पुसायचं."

ती चांद पेंटरची रूही, हे तिनं सांगितल्यावर मला ओळख लागली. चांद कागदी हा आमच्याकडचा जुना पेंटर. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरचे मोर, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दर्ग्याच्या कमानीवरची वेलबुट्टी, सगळं त्याच्याच हातचं. त्याच्या घराण्यात पूर्वी कागद बनायचा, म्हणून आडनाव कागदी. कागद बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी ब्रश हातात घेतला, तो चांदपर्यंत चालला. पुढं फ्लेक्स आला आणि ब्रशचंही तसंच व्हायला लागलं.

त्या दिवशी तिनं बसून सगळी हकीकत सांगितली. पुढची दोन वर्षं मी त्या हकीकतीतच होतो, त्यामुळं काही तिनं सांगितलेलं आणि काही मी डोळ्यांनी पाहिलेलं, असं मिळून हे लिहितो आहे.

रूहीनं अवसरीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. नंतर मंचरला एका दुकानात वजनकाटे दुरुस्त करायला लागली. मंचरला कांदा-बटाट्याचा बाजार मोठा, तिथं काट्यांना कधी आराम नाही. धूळ जाते, पाणी जातं, हमाल पोतं आदळतात, की काटा खोटं बोलायला लागतो. रूही तो उघडायची, आतला दाब मोजणारा लोखंडी तुकडा काढायची, तारा तपासायची आणि परत खरं बोलायला लावायची. दुकानात बाकी सगळे पुरुष, पण अडत्यांची माणसं काटा घेऊन आली की तिलाच शोधायची.

तिच्या वडिलांची अडचण वेगळी होती. गिऱ्हाईक बेल्हेच्या बाजारात भेटायचं. सोमवारी बैलबाजाराला टेम्पोवाले येतात, तिथंच चांदची कामं ठरायची. तो कागदावर पेन्सिलीनं मोर काढून दाखवायचा. पण नवे टेम्पोवाले म्हणायचे, "चाचा, आसं नको. फ्लेक्सवाला मोबाइलवर दाखवतो, रंगासकट. तुमी पण पाठवा." चांदनं मोबाइलवर बोटानं काढून पाहिलं. उन्हात काच दिसेना, रंगानं माखलेलं बोट उठेना, आणि त्याची रेघ, जी ब्रशच्या दाबानं बारीकची जाड होत जायची, ती काचेवर सगळीकडं सारखीच यायची. तो घरी येऊन म्हणाला, "ह्या काचंला हात कळत न्हाई."

हे वाक्य रूहीच्या डोक्यात बसलं. तिनं वडिलांसाठी पाटी बनवायची ठरवली. हातात घेऊन उभ्या उभ्या चित्र काढता येईल अशी, उन्हात दिसणारी, आणि कशानंही काढलं तरी उमटणारी. पडदा तिनं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या, मोडक्या पुस्तक वाचायच्या यंत्रांतून काढला. तो छापील कागदासारखा दिसतो, ऊन जितकं जास्त तितका स्पष्ट. दाबाचं काम तिनं वजनकाट्यावरून उचललं. पडद्याच्या चारी कोपऱ्यांखाली चार लहान काटे बसवले.

मला ते समजेना, तेव्हा ती म्हणाली, "काका, चार हमालांनी चार कोपरं धरून पोतं उचललं, तर भार कुणाला जास्त पडंल?"

"ज्याच्या बाजूला माल सरकलाय त्याला."

"मग चारी हमालांचा भार मोजला तर माल कुठं हाय ते न बघता सांगता येईल का नाय?"

एवढंच होतं ते. चार काट्यांची वजनं घेऊन यंत्र ओळखायचं की टोक कुठं टेकलंय, आणि किती जोरात टेकलंय. त्यामुळं खास पेन लागत नव्हतं. पेन्सिलीचं मागचं टोक चालायचं, ब्रशचा दांडा चालायचा, बाभळीची काडीसुद्धा चालायची. काढलेलं चित्र तिथून सरळ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जायचं.

खरा त्रास झाला आकाराचा. चांद शिडीवर किंवा टेम्पोच्या मागं उभा राहून काम करणारा माणूस. त्याला पाटी डाव्या हातावर, कोपर ते मनगट अशी आडवी पेलायची होती. सपाट पाटी घसरायची. मग रूहीनं वडिलांच्या हातावर प्लास्टरचा साचा घेतला आणि पाटीची पाठ त्या साच्यावरून आतून वळवली. चांद पंधरा वर्षांपूर्वी शिडीवरून पडला होता, तेव्हा हाडवैद्यानं बांधलेलं हाड जरा वाकडं जुळलं. कोपराच्या खाली तीन बोटांवर एक उंचवटा राहिला. पाटी तिथं टेकली की कळ यायची. म्हणून रूहीनं बरोबर त्या जागी पाटीला एक खळगा दिला, डाळिंबाच्या दाण्याएवढा सुरू करून वाढवत वाढवत शेवटी चिंचोक्याएवढा केला. अकरा पाट्या फुकट गेल्या. बारावी चांदच्या हातावर अशी बसली, की हातावर काही आहे हे तो दिवसभर विसरूनच गेला.

लॉकडाउन उठून बाजार भरायला लागले तेव्हापासून, म्हणजे दोन हजार एकवीसच्या सुरुवातीपासून, चांद दर सोमवारी ती पाटी घेऊन बेल्हेला जायचा. भोवती गर्दी जमायची. लोक बैल सोडून ह्याचा मोर बघायचे.

आता अश्विनी. अश्विनी मंचरच्या एका बटाटा अडत्याची मुलगी, डिप्लोमाला रूहीच्या बाकावर बसणारी. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. अश्विनीला बोलणं छान यायचं, रूहीला हात छान चालवता यायचा, म्हणून प्रोजेक्ट रूही करायची आणि सरांसमोर अश्विनी उभी राहायची. त्यात तेव्हा दोघींनाही काही वावगं वाटलं नव्हतं. पुढं अश्विनी पुण्याला डिग्रीला गेली, तिथंच ऋषी नावाच्या मुलाशी लग्न केलं. ऋषी वस्तूंचे आकार आखून देण्याचं काम करायचा. दोघांनी कंपनी काढली.

दोन हजार बावीसच्या ईदला अश्विनी रूहीच्या घरी आली. रूहीची आई जैबुन्निसा हिनं तिला शीरखुर्म्याचे दोन वाडगे वाढले. चांदनं पाटी दाखवली. अश्विनीनं ती हातावर घेऊन बघितली, उलटी केली, खळग्यात अंगठा फिरवला.

"रूही, हे ऋषीला दाखवू दे. फायली दे मला सगळ्या. तुला काम मिळंल बघ, वजनकाट्यातून सुटशील."

रूहीनं स्वतःच्या हातानं सगळी रेखाटनं, मापं, साच्याचे फोटो पेनड्राइव्हवर भरून दिले. निघताना आईनं अश्विनीला बांगड्या भरल्या.

त्यानंतर अश्विनीचे फोन हळूहळू कमी झाले. मग बंद झाले. रूहीला वाटलं, संसारात अडकली असेल.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टच्या अगदी शेवटी मंचरच्या दुकानात एक विक्रेता नवी वस्तू दाखवायला आला. हातावर धरून चित्र काढायची डिजिटल पाटी. आतलं यंत्र बाजारात मिळतं तसलं, खास पेनानं चालणारं, काच चकचकीत. रूहीनं सहज म्हणून ती डाव्या हातावर घेतली. कोपराच्या खाली तीन बोटांवर तिला हात आणि पाटी यांच्यामध्ये पोकळी लागली. तिनं पाटी उलटी केली. चिंचोक्याएवढा खळगा तिथंच होता, आणि खाली अश्विनीच्या कंपनीचं नाव आणि 'नोंदणीकृत डिझाइन' असं छापलेलं होतं.

"हे कशासाठी ठेवलंय?" तिनं विचारलं.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, ते एर्गोनॉमिक आहे. सगळ्यांच्या हाताला आराम मिळतो."

ती मला म्हणाली, "काका, तवा माझे कान गरम झाले. अब्बांचं मोडलेलं हाड त्यांनी तसंच उतरवून घेतलं, का मोडलं ते पण न विचारता."

तिनं तिथूनच अश्विनीला फोन लावला. तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. रूहीनं एकच प्रश्न विचारला, की हे माझं आहे हे तुला माहीत आहे ना. अश्विनी आधी म्हणाली की आतलं सगळं आमचं आहे. मग म्हणाली की ऋषीनं खूप बदल केलेत. रूही खळग्याबद्दल बोलत राहिली, तेव्हा ती वैतागली.

"रूही, असं काय करतेस? आकार काय कुणाच्या बापाचा असतो का?"

"माझ्या बापाचाच हाय," रूही म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली होती.

माझ्या ओळखीचे एक वकील पुण्यात असली कामं करतात. मी रूहीला आणि चांदला घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी नोंदणी काढून बघितली. कंपनीनं पाटीच्या आकाराची नोंदणी बावीसच्या ऑक्टोबरात केली होती, म्हणजे ईदनंतर पाच महिन्यांनी. वकिलांनी चष्मा काढला आणि समजावलं.

"दोन रस्ते आहेत. पहिला, हे डिझाइन माझं आहे, ह्यांनी चोरलं, असा दावा लावायचा. तो लांब चालेल. फाइल तू स्वतः दिलीस, ती कशासाठी दिलीस ह्याचा कागद नाही. पण जिंकलीस तर हक्क तुझा होईल. दुसरा रस्ता जवळचा आहे. नोंदणीच्या आधीच हा आकार लोकांसमोर आला होता, एवढं दाखवायचं. तुझे वडील बाजारात उघड्यावर वापरत होतेच. ते सिद्ध झालं की त्यांची नोंदणी रद्द होते."

"मग दुसराच," रूही म्हणाली.

"पूर्ण ऐक. एकदा वस्तू आधीच उघड झाली असं ठरलं, की ती कुणाचीच राहत नाही. त्यांची नाही आणि तुझीही नाही. उद्या कुणीही बनवेल, तू कुणाला अडवू शकणार नाहीस."

चांद पुढं सरकला. "रूही, पयल्या रस्त्यानं जा. येळ लागू दे. नाव तरी लागंल आपलं."

तिनं वडिलांकडं बघितलंही नाही. वकिलांना म्हणाली, "तिच्याकडं काय राहील, दुसऱ्या रस्त्यानं?"

"काही नाही."

"मग दुसराच."

परतीच्या गाडीत राजगुरुनगर आलं. चांद मला म्हणाला, "ज्ञानेश्वरभाऊ, आपलं घर जाळून शेजाऱ्याचा गोठा पेटवायचा, हे शहाण्याचं काम हाय का?" मागच्या सीटवरून रूही म्हणाली, "अब्बा, घर त्यांनी आदीच नेलंय. आता गोठा तेवढा ऱ्हायलाय."

पुरावा गोळा करायला आम्ही दर सोमवारी बेल्हेला जायला लागलो. मी लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन एका चहावाल्याच्या टपरीत बसायचो, रूही टेम्पोवाल्यांना शोधून आणायची. एकवीस ते बावीस या काळात ज्यांनी चांदकडून काम करून घेतलं, त्यांच्या मोबाइलवर चित्रं होती, तारखेसकट. पण नुसत्या चित्रानं भागत नव्हतं. पाटीचा आकार दिसायला हवा होता.

तो सापडला रखमाजीकडं. रखमाजी बेल्ह्याचाच, बैल वाहून नेणारा टेम्पोवाला, साठीचा. तो आधी बसायलाच तयार होईना.

"सही कशाला मागता? कोर्टात उभं ऱ्हावं लागंल का?"

"नाय मामा," रूही म्हणाली. "फक्त तुमी काय बघितलं ते सांगायचं."

"बघितलं म्हणजे, तुझा बाप मोर काढत व्हता. मी म्हणलं, मोराची मान लई लांब केली. तर तो म्हणाला, तुझ्या टेम्पोचा फाळका लांब हाय. मग मी म्हणलं थांब, तुझा फोटोच काढतो, गावात दाखवतो, पाटी हातावर चिकटवून कसा हुबा हाय बघा."

"फोटो हाय अजून?"

"फोटो न्हाई. व्हिडिओ हाय."

त्यानं मोबाइल खिशातून काढला, त्यावर रबर गुंडाळलेलं होतं. एकवीसच्या मार्चमधला व्हिडिओ. चांद हातावर पाटी घेऊन उभा, मग रखमाजी चेष्टेनं म्हणतो, "जरा उलटी करून दाव की, आत भूत हाय का," आणि चांद हसत पाटी काढून पाठ कॅमेऱ्यासमोर धरतो. वळण दिसतं, खळगा दिसतो. रूहीनं तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, त्याला आनंद म्हणता येणार नाही. मांजर बिळासमोर बसलेलं असतं ना, आणि आत हालचाल ऐकू येते, तसं काहीतरी ते होतं.

एकतीस प्रतिज्ञापत्रं टाइप केली मी. शेळ्यांचा व्यापार करणाऱ्या एक गोजरबाई होत्या, त्यांनी अंगठा उठवताना विचारलं, "पोरी, ह्यानं तुला काय मिळंल?" रूही म्हणाली, "मावशी, मिळायचं काय न्हाई. घालवायचंय." गोजरबाईंनी मान हलवली आणि अंगठा दाबला.

ही गोष्ट मंचरला पोचायला वेळ लागला नाही. अश्विनीचे वडील अडते. त्यांनी वाईट असं काही बोलून दाखवलं नाही, एवढंच झालं की तीन-चार मोठ्या गाळ्यांचे काटे रूहीच्या दुकानात यायचे बंद झाले. महिन्याभरानं दुकानमालकानं तिला बोलावलं. "रूही, तुझ्यासारखा हात मला परत मिळायचा नाय. पण माझंबी पोट हाय." तिनं आपला डबा आणि हत्यारांची पिशवी उचलली. दुसऱ्या दिवसापासून जुन्नरला घराच्या ओसरीत टेबल टाकून बसली. पंखे, मिक्सर, चार्जर, जे येईल ते. त्या काळात तिच्या बोलण्यात अश्विनीचं नाव यायचंच नाही, 'ती' एवढंच. "ती आज काय म्हणाली काय म्हायती." "तिचं उत्तर आलं का वकिलाकडं?"

वकिलांनी नोंदणी रद्द करायचा अर्ज लावला होता, त्यावर कंपनीचं उत्तर आलं होतं. बाजारातली पाटी वेगळी होती, आमचा आकार स्वतंत्र विचारातून तयार झाला आहे, खळगा हा सर्व प्रकारच्या हातांचा अभ्यास करून दिला आहे. रूहीनं ते पान माझ्याकडून मोठ्या अक्षरात छापून घेतलं आणि ओसरीतल्या टेबलासमोर चिकटवलं.

चोवीसच्या डिसेंबरात अश्विनी जुन्नरला आली. एकटीच, गाडी स्वतः चालवत. मी त्या दिवशी कागदांवर चांदच्या सह्या घ्यायला त्यांच्याच घरी होतो. जैबुन्निसा दारातून बाजूला झाल्या, या म्हणाल्या नाहीत आणि नाही असंही म्हणाल्या नाहीत. चांदनं मात्र चहा टाकायला सांगितला.

अश्विनी खूप वाळली होती. ती थेट चांदशी बोलायला लागली. "चाचा, अर्ज मागे घ्या. आम्ही रूहीचं नाव लावतो. प्रत्येक खोक्यावर. तिला भागीदार करून घेतो, लेखी. तुमचा फोटो पण छापू, ही कल्पना कुणाकडून आली म्हणून."

चांद लेकीकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की त्याला हे हवं आहे. त्याच्या आयुष्यात त्यानं हजारो लोकांची नावं लिहिली, स्वतःचं नाव कोपऱ्यात बारीक. खोक्यावर ते मोठं आलं असतं.

रूही म्हणाली, "पयल्या दिवशी का नाय लावलं?"

"मी लावलं होतं. पहिल्या फाइलवर तुझंच नाव होतं, खरंच. ऋषीनं काढलं. म्हणाला, नंतर बघू."

"आणि तू?"

अश्विनीनं चहाचा कप बाजूला सारला.

"तू गप बसलीस. डिप्लोमाला मी गप बसायचे, तू बोलायचीस. एकदाच माझ्यासाठी बोलायचं व्हतं तर गप बसलीस."

"रूही, पंधरा माणसं आहेत कामाला. त्यांचं काय चुकलं?"

"त्यांचं काय नाय चुकलं. त्यांना जाऊन सांग, तुमी रोज कुणाच्या हाडाची नक्कल करता ते."

"तुला काय हवंय ते सांग. मी लिहून देते."

रूहीनं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "मला तुझं बंद झालेलं बघायचंय. दुसरं काय नकोय."

अश्विनी रडायला लागली. जैबुन्निसांनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. रूही त्या सगळ्या वेळात एका मिक्सरचं झाकण घट्ट करत होती. अश्विनी गेल्यावर चांद उठून आत निघून गेला. मी म्हणालो, "रूही, बाप म्हणतो ते एकदा ऐकायला हवं होतंस." ती म्हणाली, "काका, अब्बांनी आयुष्यभर लोकांना माफ केलं. म्हणून तर लोक येतात, घेऊन जातात."

सुनावणी व्हिडिओवर झाली, पंचवीसच्या फेब्रुवारीत, माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर. शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. डिझाइनच्या नोंदणीचं कार्यालय कोलकत्याला, तिथले अधिकारी शांत, मोजकं बोलणारे. वकिलांनी रखमाजीचा व्हिडिओ दाखवला, तारीख दाखवली, प्रतिज्ञापत्रं दाखवली. मग अधिकाऱ्यांनी खळग्याबद्दल विचारलं. ऋषीनं इंग्रजीत बरंच सांगितलं, स्नायूंवरचा ताण वगैरे. आमच्या वकिलांनी एवढंच विनवलं की अर्जदाराच्या वडिलांना कंपनीची पाटी हातावर घेऊन दाखवू द्यावी. चांदनं बाही वर केली. उंचवटा कॅमेऱ्याला दाखवला. पाटी ठेवली. ती खटकन बसली, जशी किल्ली कुलुपात बसते. मग त्यानं हात उलटा केला तरी ती लगेच पडली नाही. पडद्यावरच्या चौकोनात ऋषी खाली बघायला लागला. रूही मात्र ऋषीकडं बघत नव्हती. तिचं लक्ष त्याच्या शेजारच्या चौकोनाकडं होतं, जिथं अश्विनीनं कॅमेरा बंद करून ठेवला होता आणि फक्त नाव दिसत होतं.

दोन महिन्यांनी निकाल आला. नोंदणी रद्द. कारण तेच, नोंदणीच्या आधी वस्तू उघडपणे वापरात होती.

मला वाटलं, संपलं. रूहीचं संपलं नव्हतं. त्याच दुपारी तिनं पाटीची सगळी रेखाटनं, सगळी मापं, चार काट्यांची जोडणी, प्रोग्रामसुद्धा, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. वर लिहिलं, कुणीही बनवा, कुणालाही विका, विचारायची गरज नाही. मी म्हणालो, "अगं, निदान आतलं यंत्र तरी तुझं ठेवायचंस. ते तर कुणी चोरलं नव्हतं."

"ते ठेवलं आस्तं तर ती उद्या माझ्याकडनं विकत घेऊन परत उभी राह्यली आस्ती. आता ज्याला त्याला फुकट मिळंल. तिच्याकडं कोण जाईल?"

तसंच झालं. सहा महिन्यांत तीन ठिकाणच्या लोकांनी स्वस्तातल्या पाट्या बाजारात आणल्या. त्या रूहीच्या यंत्रावर चालायच्या, म्हणजे कशानंही काढलं तरी उमटायचं, आणि त्यामुळं अश्विनीच्या कंपनीची खास पेनाची पाटी कुणी हातात धरेना. रूही रोज सकाळी चहा पिताना मोबाइलवर कंपनीची वेबसाइट उघडायची. आधी 'सवलत' आली. मग 'माल संपला'. एका सकाळी पान उघडलंच नाही. तिनं दोनदा करून बघितलं. मग मोबाइल ठेवला, आईला सांगून मटण आणवलं आणि मलाही जेवायला बोलावलं. ती पोटभर जेवली. चांद जेवला नाही असं नाही, पण अर्ध्यातून उठला.

चांदच्या मनातून ती गोष्ट गेलेली नाही. बाजारात एखाद्याच्या हातात नवी पाटी दिसली तर तो उलटी करून बघतो आणि परत देतो. त्या पाट्या कुठून येतात, कोण बनवतं, त्याला माहीत नाही. त्यांच्यावर नाव कुणाचंच नाही. बाप-लेक एकाच घरात राहतात, बोलतात, पण ह्या विषयावर बोलत नाहीत.

संगमनेरकडचा जानकू नावाचा एक पेंटर रूहीकडं येऊन गेला. त्यानं तिची रेखाटनं घेऊन स्वतःपुरती पाटी बनवली होती, डावखुऱ्यासाठी. रूहीनं ती बघितली, एक काटा चुकीचा बसवलाय म्हणून त्याला दोन शब्द सुनावले आणि तिथंच नीट करून दिला. तो गेल्यावर म्हणाली, "चांगली केलीय मेल्यानं." त्यात कौतुक किती आणि जळफळाट किती, मला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली, कसल्याशा झेरॉक्स काढायला. यंत्र चालू असताना सहज बोलावं तसं बोलली.

"काल मंचरच्या स्टँडवर ती दिसली."

"अश्विनी?"

"हं. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली व्हती. आता एका क्लासमधी शिकवती म्हणं. तिनं मला बघितलं, मान खाली घातली."

"मग तू?"

"मी तिच्यासमोर जाऊन उभी राह्यले. चार हातांवर. माझी नारायणगावची गाडी लागली, ती जाऊ दिली. दुसरी लागली, ती पण जाऊ दिली. ती उठंना, मी हलंना. लई वेळ गेला. मग तिची गाडी आली तशी ती तोंड लपवून चढली."

"काही बोललीस का?"

"काय बोलायचं?"

"वाईट नाही वाटलं?"

तिनं झेरॉक्स मोजून घेतल्या, कडा जुळवून पिशवीत ठेवल्या.

"लोक म्हणतात, वाटायला पायजे. म्या वाट बघितली काका, आज वाटंल, उद्या वाटंल म्हणून. नाय वाटलं."

"मग काय केलंस?"

"काय करणार," ती म्हणाली. "तिसऱ्या गाडीनं घरी आले."